ड्रायव्हर सीट: दोन्ही वायरींवर १२ व्होल्ट आणि सीट ढिम्म

मंडळी, माझ्या सेकंडहँड गाडीची मोटरवर सरकणारी ड्रायव्हर सीट का अडली होती ते सापडलं! मोटर ठणठणीत आहे. भंगारातून अख्खी फ्रेम आणायचा बेत रद्द.

अडलं होतं ते इथं: सीट पुढं झकास सरकते, मागं हलत नाही. मोटर तीच, वायरी त्याच, फक्त करंट उलटा. म्हणजे संशय स्विचवरच. पण स्विच मागं दाबून मोटरच्या कपलरवर (वायरी जोडायच्या प्लगवर) मीटरचं दुसरं टोक बॉडी अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, लावून मोजलं, तर मोटरच्या निळ्या वायरीवर १२.४ व्होल्ट आणि पांढरीवरही १२.४! सांगलीत विश्रामबागेतल्या एका वायरमननं बघताक्षणी निकाल दिला, "शॉर्ट आहे साहेब, हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) बदला." आता दोन वायरी आपसात चिकटल्या असत्या, तर सीट पुढं नेतानाच फ्यूज उडायला हवा होता की नाही?

या स्विचमध्ये हात काढला की मोटरच्या दोन्ही वायरी अर्थवर बसतात. मागं दाबलं की निळी प्लसवर जाते, पांढरीनं अर्थवरच थांबायचं. ती अर्थवर नव्हतीच. निळीचा प्लस मोटरच्या वाइंडिंगमधून फिरून पांढरीवर दिसत होता. करंट नाही, म्हणून ड्रॉपही (वाटेत व्होल्ट पडणंही) नाही. मोटरचा कपलर काढला आणि पांढरीवरचे व्होल्ट गायब. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

स्विच उघडला तर पांढरीच्या अर्थच्या कॉन्टॅक्टवर हिरवा थर. विकणारा शपथेवर सांगत होता, गाडीला पूर लागलेला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा ही गाडी कुठं उभी होती देव जाणे.

पॉलिश पेपर अजिबात लावू नका, कॉन्टॅक्टवरचा मुलामा जातो. आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) भिजवलेली व्हिजिटिंग कार्डाची पट्टी पुरते. तपासणी मीटरच्या बीपवर सोडू नका; कॉन्टॅक्ट नावाला टेकला तरी तो बीप देतो. मोटरच्या जागी २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब लावा, तो पावणेदोन अँपिअर ओढतो आणि खरं बोलतो. आधी पेटत नव्हता, आता लख्ख. मोटर जोडून चालवताना पांढरी ते बॉडी ड्रॉप फक्त ०.१५ व्होल्ट. सीट मागं आली!

(सीटखालच्या पिवळ्या कपलरला मीटर लावायचा नाही, तो एअरबॅगचा. काहीही सोडवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबा.)

नवा स्विच मागवणार होतो, पण लिहितानाच सुचलं: पाच पिनचे दोन रिले (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारे विजेचे स्विच) का नकोत? मोटरच्या प्रत्येक वायरीला एक: ३० नंबरची पिन मोटरला, ८७ प्लसला, ८७ए अर्थला. स्विचनं फक्त रिलेची कॉइल ओढायची. मग त्याचा अर्थचा कॉन्टॅक्ट पुन्हा मेला तरी बिघडत नाही, कारण मोटरला अर्थ रिले देणार. मेमरीवाल्या (जागा लक्षात ठेवणाऱ्या) सीटला हे चालणार नाही, तिथं मोटर चालवायला इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. माझी साधी आहे.

त्याआधी सीट ज्यावर सरकते ती रेल बघायची. मागच्या टोकाला सीट जड होते, जुनं ग्रीस वाळलंय. तिथं करंट किती चढतो ते मोजल्याशिवाय रिलेच्या वायरीची जाडी ठरवणार नाही. सांगली-मिरजेत कुणाकडं डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) आहे का? नुसता एसीवाला नको, तो माझ्याकडं आहे.