वाईचाच का?

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव, असा निरोप आला तेव्हा मला आधी आठवली ती पाण्याच्या टाकीमागची जागा. डिसेंबर १९९१, मधली सुट्टी, आणि टाकीमागे माना खाली घालून उभे असलेले नववी ब मधले आम्ही पाचजण. शिपाईमामांना वाटलं, पोरं बिडी ओढताहेत. ते दबकत आले.

"काय चाललंय रं?"

"दोन मिनिटं शांतता पाळतोय मामा."

"कोण गेलं?"

"फ्रेडी."

"कुठला? वाईचाच का?"

"नाही ओ, लंडनचा."

"मग हितं कशाला उभं राहिलाय? घंटा झाली, पळा."

ह्या फ्रेडीची आणि आमची ओळख जेमतेम महिनाभराची. दिवाळीला गिरगावातून माझा चुलतभाऊ आला होता. त्याने नव्वद मिनिटांची एक टीडीके कॅसेट भरून आणली होती. ए बाजूला फ्रेडी ज्याचा गायक तो क्वीन, बी बाजूला ब्लॅक सॅबथ; दोन्ही इंग्लंडचे रॉक बँड. जाताना कॅसेट मला देऊन गेला आणि बजावून गेला, "वर दुसरं काही भरू नकोस." म्हणून मी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही चकत्या तोडून टाकल्या. त्या तोडल्या की टेपरेकॉर्डरचं रेकॉर्डचं बटण खाली जात नाही. ही खबरदारी पुढे किती उपयोगी पडली ते शेवटी सांगतो.

आमच्या घरात टू-इन-वनवर भीमसेन आणि नाट्यगीतं. वडील घरी नसतील तेव्हा आम्ही पाचजण जमायचो. ए बाजूचं पहिलंच गाणं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. १९७५ चं, पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं, आणि ध्रुवपदच नाही! मराठी माध्यमातल्या आम्हाला त्यातले मोजून दोन शब्द कळले. एक गॅलिलिओ, कारण तो विज्ञानाच्या पुस्तकात होता. दुसरा बिस्मिल्ला. तो ऐकून आमच्यातला एकजण ताडकन उठून बसला, "अरे, हे तर आमच्या घरी म्हणतात!" त्या दिवसापासून क्वीनवर त्याचा हक्क आमच्यापेक्षा जरा जास्तच आहे असं तो धरून चालला, आणि आम्हीही ते मान्य केलं.

गॅलिलिओ म्हणताना जो सगळ्यात उंच, किंचाळीला टेकलेला आवाज येतो तो फ्रेडीचाच असं समजून आम्ही घसे फोडले. तो आवाज ड्रमर रॉजर टेलरचा, हे मला तिशीनंतर कळलं. त्या भागात तिघांचेच आवाज आहेत, पण एकावर एक इतके थर चढवले की मूळ फीत झिजून आरपार दिसायला लागली होती, असं गिटारवादक ब्रायन मे सांगतो. आमची फीतही साधारण त्याच वाटेवर होती. ती अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची, आणि हे काम ज्याचं अक्षर सुंदर त्यालाच द्यायचं, असा आमच्यात विनाकारण नियम होता.

मग डिसेंबरच्या सुरुवातीला भावाचं आंतरदेशीय पत्र आलं. फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबरला गेला. आदल्याच दिवशी त्याने आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं होतं. वय ४५. त्याच दिवशी किस नावाच्या बँडचा ड्रमर एरिक कारही गेला, असं भावाने खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं; त्याचं आम्ही काहीच ऐकलेलं नसल्यामुळे त्याचं दुःख झालं नाही. एड्स हा शब्द तेव्हा मोठी माणसं आवाज खाली आणून उच्चारायची. घरी विचारायची सोय नव्हती. टाकीमागे दोन मिनिटं उभं राहणं तेवढं आमच्या हातात होतं, आणि तीही मामांनी पुरी होऊ दिली नाहीत.

पुढच्याच आठवड्यात विज्ञानाच्या तासाला सर फळ्यावर लिहिता लिहिता म्हणाले, "मग गॅलिलिओने..." आणि मागच्या बाकावरून, सुतकात असूनही, बारीक आवाजात उत्तर गेलं, "गॅलिलिओ." दुसऱ्या बाकावरून जाड आवाजात, "गॅलिलिओ." सर वळले. पाचही जण उभे. चौकशीत कॅसेटचं नाव निघालं आणि दप्तरातून ती कॅसेट सरांच्या खिशात गेली. "परीक्षेनंतर भेटा," म्हणाले. परीक्षेनंतर भेटायची छाती कोणाची?

१९९९ च्या सुमारास पुण्यात एका नेट कॅफेत, तासाला पैसे मोजून, मी क्वीनबद्दल वाचत होतो. फ्रेडीचं खरं नाव फारूख बलसारा, पारशी, जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. हे थोडंफार ऐकून होतो. पुढची ओळ वाचली आणि खुर्ची मागे ढकलून उभाच राहिलो. आठव्या वर्षी त्याला शिकायला पाठवलं ते पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये. आपल्या डोक्यावर, पसरणीचा घाट चढला की! तिथे तो पियानो शिकला, १९५८ मध्ये शाळेतल्या मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, आणि पुढेही काही वर्षं तिथेच होता. म्हणजे सुट्टीला मुंबईला जाता-येता ह्याच घाटातून, वाईतूनच गेला असणार. आमच्या पाचांपैकी दोघांच्या आत्या-मावश्या पाचगणीत, एकाचे वडील त्या रस्त्यावर एसटी चालवायचे. ज्या गावात अख्खा मराठी विश्वकोश तयार होतो त्या गावात राहून आम्हाला एवढी एक नोंद ठाऊक नव्हती. मला मामांचा प्रश्न आठवला. त्यांचा अंदाज बारा-तेरा किलोमीटरने चुकला होता, एवढंच.

बी बाजूबद्दलही लिहायला हवं, नाहीतर ढोलकीवाला रागावेल. गणपतीत आणि आपल्या स्नेहसंमेलनात ढोलकी तोच वाजवायचा. आयटीआय करून एका कारखान्यात लागला, आणि वर्षभरात प्रेस मशीनवर त्याच्या बोटाचं पेर गेलं. मी त्याला पत्रातून ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीची गोष्ट कळवली. तोही बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यातला कामगार. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गेली ती नेमकी तारा दाबायच्या हाताची. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या, पुढे त्या सैल सोडून स्वर खाली उतरवला. बोटांना सोसवेल म्हणून केलेल्या ह्या सोयीनेच त्या बँडला तो जड, खर्जातला आवाज मिळायला मोठी मदत झाली. ढोलकीवाल्याचं उत्तर एका ओळीचं आलं: "चामडं नाही मिळालं, सायकलच्या ट्यूबचं रबर लावलंय." त्या वर्षी विसर्जनाला तो होता. थाप बसकी येत होती, पण येत होती.

आता आमच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिथे वाढदिवस, आंब्याच्या पेट्या आणि निधनवार्ता चालतात. २२ जुलै २०२५ ला ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला. सतराच दिवस आधी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर, पार्किन्सन्समुळे उभं राहता येईना म्हणून काळ्या सिंहासनावर बसून, तो जुन्या तिन्ही साथीदारांबरोबर शेवटचं गायला होता. आमच्यातल्या एकाचं एसटी स्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान आहे. रात्री साडेअकराला त्याने ग्रुपवर डिझाइन टाकलं: डोळ्यात काजळ घातलेला ऑझी, गळ्यात झेंडूचा हार, दोन बाजूंना समया, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली 'शोकाकुल: दहावी ब, १९९३'. वर्गातल्या मुलींनी हात जोडले. एकीने विचारलं, "हे आपल्याला शिकवायला होते का?"

राहिली ती कॅसेट. महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी जुनी कपाटं रिकामी करायला आम्ही तिघे शाळेत आलो होतो. एका डब्यात बऱ्याच कॅसेट निघाल्या, आणि त्यातल्या एकीवर माझ्या भावाचं अक्षर खोडून लिहिलं होतं, 'स्नेहसंमेलन ९१-९२, स्वागतगीत'. पाठीवरच्या तोडलेल्या चकतीच्या खाचेवर चिकटपट्टी डकवलेली. विज्ञानाचे सर ते, त्यांना काय अशक्य! सर आता नाहीत. कार्यालयातला जुना टेप चालू निघाला. सातवीच्या मुलींचं स्वागतगीत, पेटी, मागे कोणीतरी दोनदा खोकलं. साडेतीन मिनिटांनी टाळ्या, खट् असा आवाज, आणि पुढच्या क्षणी मधूनच तिघे जीव खाऊन ओरडत होते, बिस्मिल्ला! ज्याचा त्या शब्दावर हक्क होता तो नेमका खाली चहा सांगायला गेला होता. आम्ही टेप थांबवला आणि त्याला वर हाक मारली.

(दहावी ब, १९९३)