घड्याळाचा दाखला

जून महिना म्हणजे आमच्या ऑफिसात दाखल्यांचा हंगाम. मी शाळेत लिपिक आहे. पंचवीस वर्षं शाळा सोडल्याचे दाखले लिहितेय, त्यामुळे ‘वर्तणूक : चांगली’ आणि ‘प्रगती : समाधानकारक’ हे दोन शेरे माझ्या हातून झोपेतही लिहून होतील. (वर्तणूक कशीही असली तरी ‘चांगली’च लिहायची. नाहीतर पोरानं जायचं कुठे?) पूर्वी दाखला म्हणजे नुसता कागद. जनरल रजिस्टरातून नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी उतरवायची, मुख्याध्यापकांची सही घ्यायची, गोल शिक्का मारायचा. आता कागद आहेच, वर शिक्षण खात्याचं सरल पोर्टल. नव्या शाळेनं विनंती पाठवायची, जुनीनं ती मंजूर करायची. तोवर मूल नव्या शाळेत बसून खिचडी खात असलं तरी पटावर जुन्याच शाळेचं.

एवढं सगळं अंगवळणी पडलेलं असूनही माझ्या स्मार्ट घड्याळाची शाळा मी दाखला न काढताच बदलली.

झालं असं, की माझा फोन दुपारपर्यंतसुद्धा बॅटरी धरीना. चिरंजीवांनी पुण्याहून नवा पाठवला. जुना टाकवत नव्हता, म्हणून तो सासूबाईंना दिला. काही घरांत स्वेटर थोरल्याला आखूड झाला की धाकट्याकडे येतो. आमच्याकडे फोन तसेच वापरले जातात, फक्त उलट दिशेनं. मुलाचा मला, माझा आईंना. एक रात्र फोटो आणि नंबर हलवण्यात गेली. बँकेच्या अ‍ॅपनं सिम बघितल्याशिवाय ओळख द्यायचं नाकारलं, त्याची समजूत काढण्यात दुसरी संध्याकाळ गेली. जुन्या फोनवरचं माझं व्हॉट्सअ‍ॅप काढून आईंचं घातलं, भजनांसाठी यूट्यूबचं चिन्ह पहिल्याच पानावर मोठं करून ठेवलं, आणि काम झालं असं समजून हात झटकले.

घड्याळाचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. ते मनगटावर होतं, वेळ बरोबर दाखवत होतं. ते अजून जुन्याच फोनच्या पटावर आहे हे दिसणार कसं?

हे घड्याळ मुलाच्या पहिल्या पगाराचं. त्याला माझं वजन, झोप आणि नाडी यांची फार काळजी. मला त्याचा खरा उपयोग एकच. आमच्याकडे पाणी दिवसाआड आणि पहाटे साडेपाचला. नळ आला की कॉक उघडायचा, खालची टाकी भरली की मोटर लावून वर चढवायचं, मध्ये पिंप आणि दोन हंडे. तासाभरात नळ जातो. पूर्वी फोनचा गजर लावायचे, त्यानं सगळं घर जागं व्हायचं, फक्त ज्यांनी उठून मला मदत करावी ते हे तेवढे घोरत राहायचे. घड्याळ मात्र पाच वीसला गुपचूप मनगटावर थरथरतं. कुणीतरी हळूच बोटानं टोचून ‘ऊठ, पाणी आलं’ म्हणावं तसं. हे एक सोडलं, तर त्याच्या बाकीच्या विद्वत्तेशी माझा संबंध नव्हता.

नव्या फोनच्या पहिल्या दिवशी घड्याळ शाळेत दिवसभर मुकं होतं. कोपऱ्यात फोनच्या चित्रावर काट मारलेली. मला उलट बरं वाटलं. दाखल्यांच्या गर्दीत हाताला गुदगुल्या नाहीत. संध्याकाळी घरी आले, चपला काढल्या, उंबरठा ओलांडला आणि मनगट थरथरायला लागलं ते थांबेचना.

‘हरिपाठ मंडळ : उद्या चार वाजता. येताना टाळ आणणे.’

‘हरिपाठ मंडळ : माझे टाळ कोणाकडे आहेत?’

‘हरिपाठ मंडळ : मागच्या वेळी प्रसादात मीठ कोणी घातले ते अजून कळले नाही.’

आधी वाटलं, मला कुणीतरी त्या ग्रुपात घातलं. नव्या फोनवर बघितलं तर तिथे हरीही नाही आणि पाठही नाही. मग देवघरापाशी भिंतीला टेकून बसलेल्या आईंकडे लक्ष गेलं. हातात माझा जुना फोन. त्यांच्या फोनवर जे येत होतं ते माझ्या मनगटावर उमटत होतं.

ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटरचा. आमचं घर पुढच्या दारापासून मोरीपर्यंत तेवढंच. म्हणजे शाळेत मी मोकळी आणि घरात पाऊल टाकलं की सासूबाईंच्या टपालखात्यात. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड नावाच्या डॅनिश राजावरून ठेवलंय. त्यानं विखुरलेल्या लोकांना एका राज्याखाली आणलं, म्हणून १९९७ च्या सुमारास इंजिनिअर मंडळींनी फोन आणि संगणक जोडणाऱ्या या युक्तीला त्याचं टोपणनाव दिलं. सासू आणि सून एका मनगटावर आणण्याचं काम मात्र त्या राजालाही झेपलं नसतं.

तेव्हाच बंद करायला हवं होतं. पण खरं सांगते, मिठाचा उलगडा होईपर्यंत थांबावंसं वाटलं. म्हटलं, जेवणं होऊ देत.

कणीक मळताना आणखी एक आला. हात पिठात, मनगट डोळ्यांसमोर.

‘सुमा : आई, वहिनीला सांगितलंस का गुडघ्याचं?’

सुमा म्हणजे माझी नणंद, ठाण्याला असते. घड्याळावर समोरून आलेलं तेवढंच दिसतं, आपल्या बाजूचं उत्तर दिसत नाही. त्यामुळे आईंनी काय लिहिलं ते कळायला मार्ग नव्हता. कळलं ते सुमाच्या पुढच्या ओळीवरून.

‘सुमा : असं किती दिवस तिच्या कामाचं कारण सांगणार? रात्र रात्र जागतेस.’

आणि मग :

‘सुमा : पडलीबिडलीस म्हणजे?’

मी पोळपाटाकडे बघत राहिले. मागे वळले असते तर आई दिसल्या असत्या, पाय लांब करून बसलेल्या, ज्याला मी गेले दोन महिने ‘आईंना आता खाली बसायला आवडतं’ असं समजत होते. दुसऱ्याचं पोस्टकार्ड पोस्टमनही वाचतो, पण तो निदान हातात देऊन पुढे जातो. मी ते वाचून पुन्हा कणीक मळायला लागले.

रात्री आई झोपायला गेल्यावर चिरंजीवांना व्हिडिओ कॉल लावला. त्यानं डोक्याला हात मारला.

“अगं आई, आधी जुन्या फोनवरून अनपेअर करायचं, म्हणजे जोडणी तोडायची असते! मग घड्याळ रिसेट, मग नव्याला जोडायचं.”

“रिसेट म्हणजे?”

“म्हणजे सगळं पुसायचं.”

“सगळं?”

“घाबरू नको. पावलंबिवलं तुझ्या खात्यात आहेत, ती परत येतील.”

२०२३ मध्ये अशा घड्याळांसाठी गूगलची वेअर ओएस ४ ही प्रणाली आली, तेव्हापासून न पुसता घड्याळ नव्या फोनकडे नेता येतं म्हणे. माझं त्याच्या आधीचं. म्हणजे सातवीतल्या पोराला शाळा बदलायची तर पुन्हा बालवाडीत बसवायचं, आणि नंतर कुणीतरी त्याचं प्रगतिपुस्तक मागून आणून द्यायचं, असा प्रकार.

पावलांचं मला काही वाटत नव्हतं. रोज दहा हजार पावलं चाला म्हणून ते मागे लागतं. हा आकडाही काही मोठ्या संशोधनातून निघालेला नाही. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. जाहिरातीसाठी निवडलेला गोल आकडा जगभर आरोग्याचा नियम होऊन बसला. माझी पावलं जास्तीत जास्त सात हजार भरतात, त्यातली निम्मी कपाटापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून मुख्याध्यापकांच्या केबिनपर्यंत.

तरी ‘सर्व माहिती पुसायची का?’ असं घड्याळानं विचारलं तेव्हा बोट थबकलं. दाखला देताना लाल शाईनं रजिस्टरात शेरा मारतो, पण नाव खोडत नाही. पन्नास वर्षांपूर्वी शाळा सोडलेला माणूस आला तरी पान उघडून दाखवता येतं. इथे तसली सोय नाही. ‘हो’ दाबलं. पडदा काळा झाला, मधोमध एक गोल फिरत राहिला, मग एकदम अनोळखी माणसासारखं त्यानं विचारलं : भाषा कोणती?

तेवढ्यात आतून आवाज आला. “अगं, किती वाजले?”

मी घड्याळाकडे बघितलं. भाषा कोणती? मी दाबलं. आता म्हणे फोन जोडा. वेळ सांगायला तयारच नाही. घड्याळाला फोन मिळेपर्यंत किती वाजले तेही माहीत नसावं, याचं मला फार आश्चर्य वाटलं. हजेरीपटावर नाव चढेपर्यंत मुलाला स्वतःचं नावही सांगू न देण्यातला प्रकार.

“थांबा हं आई,” म्हणाले.

“राहू दे. साडेदहा झालेत. माझ्याच हातात घड्याळ आहे की.”

आईंच्या हातात एचएमटीचं लेडीज घड्याळ आहे, लग्नातलं. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली, त्यानंतर काही वर्षांनी हे आमच्या घरात आलं. बदललाय तो फक्त पट्टा, चार-पाच वेळा. रोज सकाळी सात पाचच्या आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांना काटे मिळवायचे आणि चावी द्यायची. अठरा वेळा, मोजून. जास्त पीळ दिला तर तार तुटते, असं त्या मला लग्न झाल्यापासून सांगत आल्या आहेत. साडेदहा वाजले हे सांगायला मग आतून का विचारलं, हे मला तेव्हा कळलं नाही. रात्र मोठी असली की माणूस कुणाशी तरी बोलायला वेळ विचारतो.

अकराच्या सुमारास फोनवर आणि घड्याळावर एकच सहा आकडी नंबर आला. दोन्हीकडे तोच आहे का बघायचं आणि हो म्हणायचं. दाखल्यावरचा नंबर रजिस्टराशी ताडून बघतो तसा मी तो दोनदा ताडून बघितला, सवयीनं. जोडलं. थोड्या वेळानं माझी पावलं खात्यातून परत आली, झोपेचे आलेख आले, मागच्या दिवाळीतली नाडीसुद्धा आली. जुन्या फोनवर ब्लूटूथ बंद केलं. हरिपाठ मंडळ गेलं. सुमाही गेली. मीठ कुणी घातलं ते कायमचं गुलदस्त्यात राहिलं. मी समाधानानं झोपले.

जाग आली ती मोटरच्या आवाजानं.

क्षणभर काही कळेना. बाहेर फटफटलेलं. घड्याळ बघितलं : सहाला पाच कमी. मनगट मुकं. पावलं खात्यात होती, नाडी खात्यात होती, झोप खात्यात होती. पाच वीसचा गजर मात्र घड्याळाच्याच पोटात होता, आणि तो पुसला गेला होता. पंचवीस वर्षांत एकही दाखला चुकला नाही, आणि स्वतःच्या घरात हजेरीपटावरचं सगळ्यात महत्त्वाचं नाव उतरवायचं राहून गेलं.

परसदारी धावले. कॉक उघडलेला. पाइप पिंपात. दोन्ही हंडे भरून झाकलेले. मोटर वर पाणी चढवत होती. आई पायरीवर बसलेल्या, डावा पाय लांब, हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात पाइपाची टोकाची घडी धरलेली.

“अहो आई, तुम्ही कशाला उठलात?”

“उठायला आधी झोपावं लागतं,” त्या म्हणाल्या. “नळाचा आवाज आला. तू काही उठली नाहीस. म्हटलं, तुझं घड्याळ आज नवीन आहे.”

मी पाइप हातात घेतला. पिंप भरत आलं तशी पाण्याचा आवाज बदलला, खर्जातून वर चढला. तो थांबेपर्यंत दोघी गप्प.

“गुडघा का?” मी विचारलं.

त्यांनी मान वळवली. “सुमानं फोन केला होता का तुला?”

“नाही,” म्हटलं. खोटं नव्हतं. फोन मला केलाच नव्हता.

“मग?”

“दिसतं की आता. भिंतीला धरून उठता.”

त्यांनी पदरानं हात पुसले. “तुझी शाळा उघडायची धांदल. जून जाऊ दे म्हटलं.”

“जूनमध्ये शनिवारची दुपार रिकामी असते. जाऊ डॉक्टरकडे.”

त्यावर हो नाही, नाही नाही. आमच्या घरात याला हो म्हणतात.

चहाला बसल्यावर मी घड्याळात दोन गोष्टी घातल्या. पहिला गजर पाच वीसचा. दुसरा शनिवारी दुपारी तीनचा, त्याला नाव काय द्यावं याचा विचार करून शेवटी नुसतं ‘आई’ लिहिलं. आई रेडिओपाशी होत्या. सात पाचच्या बातम्या लागल्या तसं त्यांनी एचएमटी कानाशी नेलं, काटा किंचित पुढे सरकवला आणि चावी द्यायला लागल्या. अठरा झाल्यावर माझ्या मनगटाकडे वाकून बघितलं.

“तुझं दोन मिनिटं मागे आहे गं,” त्या म्हणाल्या.

मी काही बोलले नाही.