काम्पाक?

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. जिन्यात गाठ पडली की विचारतात, "काम्पाक?" म्हणजे, कुठे निघालीस? सुरुवातीला मला त्यातलं नुसतं 'काम' ऐकू यायचं. निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारू नये, हे त्यांच्या गावीही नाही.

चेकमध्ये 'कुठे'ला दोन शब्द. 'काम' म्हणजे कुठे जातेस, 'ग्दे' म्हणजे कुठे आहेस. उत्तरही तसंच बदलतं. शहराचं नाव प्राहा, म्हणजे आपलं प्राग. तिकडे जायचं तर 'दो प्राही', तिथे असलं तर 'व प्राझे'. चेकच्या वर्गातल्या इंग्रजीवाल्यांनी कपाळाला हात लावला. मला पुणे, पुण्याला, पुण्यात आठवलं. सामान्यरूप अंगात मुरलेलं असल्यावर नामाचं शेपूट बदलण्याचं काय कौतुक! ('ह'चा 'झ' कसा होतो, ते विचारायचं मात्र मी सोडून दिलंय.)

गोची पुढेच आहे. आपला 'ला' बहुतेक गावांना पुरतो. इथे नामाच्या आधी काय लावायचं, ते ठिकाणावर ठरतं. शाळेत जाताना 'दो श्कोली', विद्यापीठात जाताना 'ना उनिवेर्झितु'. 'दो' म्हणजे आत, 'ना' म्हणजे वर, असं शिकवलं होतं. मग पोस्टात जायला 'ना पोश्तु' का? कौलांवर चढायचंय? पोलंडला 'दो पोल्स्का', पण शेजारच्या स्लोवाकियाला 'ना स्लोवेन्स्को'. घोकायचं, दुसरं काय.

माणसाकडे जायचं तर तिसराच शब्द, 'क'. दातांच्या डॉक्टरकडे म्हणजे 'क झुबार्झी'. हा थेट आपला 'कडे', तरी एकदा माझ्या तोंडून 'दो झुबार्झे' गेलंच. म्हणजे मी डॉक्टरांच्या आत शिरायला निघाले होते.

घराच्या बाबतीत मात्र मराठी आळशी. आपण घरी जातो आणि घरीच असतो. चेक माणूस 'दोमू' जातो आणि मग 'दोमा' असतो.

परवा पाठीला सॅक लावून उतरत होते. आजींचं "काम्पाक?" आलंच. आज 'दो' पक्का होता, शेपूटही पक्कं. ऐटीत म्हटलं, "य्दु दो प्राही!"

गाडीने जाताना 'येदु' म्हणायचं असतं. 'य्दु' म्हणजे चालत, आणि प्राग इथून दोनशे किलोमीटर.

आजींनी माझ्या बुटांकडे नीट बघितलं. "प्येश्की?"

पायी?