घर मुलाच्या नावावर करू का?

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या मदत कक्षात दर गुरुवारी मी बसते. श्रावणबाळचा अर्ज, एसटीचं कार्ड, हयातीचा दाखला अशी कामं घेऊन लोक येतात. पण काही जण बाकीची मंडळी उठून जाईपर्यंत थांबतात आणि मग खुर्ची पुढे ओढून विचारतात, "मॅडम, घर मुलाच्या नावावर करून टाकावं म्हणतोय. करू का?"

माझं उत्तर एकच असतं. हयातीत करू नका. मृत्युपत्र करा.

एवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. आयुष्यभराच्या कमाईचा प्रश्न असताना कुणाच्याही एका वाक्यावर विसंबू नये. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कारणं बहुतेकांची ठरलेली असतात. आपल्यामागं भावाबहिणींत भांडणं नकोत. मुलाला कर्ज काढायचंय, बँक त्याचं नाव मागते. आणि सगळ्यांत जास्त ऐकू येणारं कारण म्हणजे, स्वस्तात होतंय तर उरकून टाकू. महाराष्ट्रात 2015 पासून राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीसपत्रानं, म्हणजे हयातीतच फुकट देऊन टाकायच्या दस्तानं, द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे, वर स्थानिक अधिभार लागतो तेवढाच. दलालाला सांगितलं की दोन दिवसांत दस्त तयार.

दस्त नोंदला गेला की मालकी गेली. नंतर मन बदललं, परिस्थिती बदलली, मुलाचा धंदा बुडाला, सून-मुलगा वेगळे झाले, तरी ते घर तुमचं राहत नाही. मृत्युपत्राचं तसं नसतं. ते तुमच्या पश्चातच अमलात येतं, आणि तोवर कितीही वेळा बदलता येतं, फाडून टाकता येतं. साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं, फक्त दोन साक्षीदारांसमोर सही हवी आणि त्यांच्याही सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण करा. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. ज्याला मिळकत द्यायची त्यालाच साक्षीदार करू नका. भावाबहिणींतली भांडणं टाळायला एवढं पुरतं, त्यासाठी जिवंतपणी बेघर व्हायची गरज नाही.

बक्षीसपत्रापेक्षा मला जास्त भीती वाटते ती हक्कसोडपत्राची, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडून द्यायच्या दस्ताची. बक्षीसपत्र करताना निदान आपण काहीतरी देतोय हे माणसाला कळत असतं. एक मावशी आल्या होत्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला दस्त. नवऱ्याचं तेरावं झाल्यावर आठवड्याभरात मुलानं तालुक्याला नेलं होतं. "वारस नोंदीची सही आहे, आई" एवढंच सांगितलं. मी दस्त त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. लिहून देणार यांनी आपला अविभक्त हिस्सा प्रेमापोटी व विनामोबदला कायमचा सोडून दिला असून सदर मिळकतीत त्यांचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही. त्या म्हणाल्या, "पण माझा हिस्सा होता कुठं? घर ह्यांचं होतं." हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवेचा हिस्सा एकेका मुलामुलीइतकाच असतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सोडून दिल्यावर. अंगठा नव्हता हो, सही होती. सुवाच्य, जोडाक्षरासकट. शाळा शिकलेली बाई, पण तो दस्त वाचायला तिच्या हातात कुणी दिलाच नाही.

म्हणून माझं संघांना कळकळीचं सांगणं आहे. आपण सहली काढतो, वाढदिवस करतो, 1 ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, सत्कार करतो. ते हवंच, एकटेपणावर तेही औषध आहे. पण घरात माणूस गेलं की त्या पंधरा दिवसांत संघातलं कुणीतरी त्या घरी जाऊन सांगायला पाहिजे, वहिनी, सहीचा कागद आला तर आधी आम्हाला दाखवा. सही झाल्यावर आम्ही जे काही करतो ते वर्षानुवर्षं चालतं. सहीच्या आधी अर्ध्या तासाचं काम असतं.

आता कायद्याचं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा 2007 चा आहे, महाराष्ट्राचे नियम 2010 चे. त्याचं कलम 23 तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडतं. सांभाळ करायच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. अडचण "अटीवर" या शब्दापाशी येते. डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सांभाळाची अट होती हे दाखवता आलं पाहिजे. नुसतं रक्ताचं नातं आहे म्हणून अट गृहीत धरता येणार नाही. तिथंही आईनं केलेलं हक्कसोडपत्रच होतं. मग 2 जानेवारी 2025 ला उर्मिला दीक्षित प्रकरणाचा निकाल आला. मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या या आईनं मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं. सांभाळ केला नाही तर मिळकत परत घेता येईल असं मुलानं वेगळ्या वचनपत्रात लिहून दिल्याचं तिचं म्हणणं होतं. न्यायालयानं दस्त रद्द ठरवला, हा कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी आहे आणि त्याचा अर्थ तसाच लावला पाहिजे असं बजावलं, आणि या कायद्याखाली नेमलेलं न्यायाधिकरण मिळकतीचा ताबाही परत देववू शकतं हे स्पष्ट केलं.

तेव्हा सगळं ऐकूनही ज्यांना हयातीतच घर द्यायचं आहे, त्यांना मी हात जोडून एक सांगते. दस्तातच अट लिहा. लिहून घेणार हे लिहून देणार यांचा आजन्म सांभाळ करतील, त्यांना याच घरात राहण्याचा हक्क राहील, जेवणखाण आणि औषधपाणी बघतील, यात कसूर झाल्यास हा दस्त 2007 च्या कायद्याच्या कलम 23 प्रमाणे रद्द होण्यास पात्र राहील. चार ओळी आहेत. दस्तलेखक म्हणेल कशाला, घरातलाच व्यवहार आहे. तुम्ही म्हणा, घाला.

इथं बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. पोटच्या पोरावर अविश्वास दाखवायचा? मला वाटतं, जो मुलगा सांभाळणारच आहे त्याचं त्या चार ओळींनी काहीही जात नाही. आणि बहुतेक मुलं सांभाळणारीच असतात, हेही सांगायला हवं. मदत कक्षात बसून माणसाला सगळं जग वाईट दिसायला लागतं, तसं ते नाही. दोन खोल्यांचं घर, नोकरीची शाश्वती नाही, आईचं आजारपण, मुलांच्या फिया, या ओढाताणीत चांगली माणसंही तुटक वागायला लागतात. अशा वेळी घर म्हाताऱ्यांच्या नावावर असलं की बोलणी तरी सुरू राहतात.

आणि बोलणी तुटलीच तर अर्ज प्रांताकडे करायचा. उपविभागीय अधिकारी हेच न्यायाधिकरणाचे पीठासीन अधिकारी असतात. स्वतः जाणं शक्य नसेल तर तुम्ही अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तुमच्या वतीनं अर्ज करू शकते, आमचा संघ तेच करतो. वकिलाशिवाय चालावं अशाच बेतानं हा कायदा केलेला आहे. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा आहे, फार तर आणखी 30 दिवस. प्रत्यक्षात प्रांतांना निवडणुका असतात, अतिवृष्टीचे पंचनामे असतात, भूसंपादन असतं, आणि म्हाताऱ्यांची तारीख पुढे जाते. सत्तरीच्या माणसानं एसटीनं यायचं, दुपारपर्यंत बाकावर बसायचं आणि "साहेब दौऱ्यावर आहेत" ऐकून परत जायचं. 75 च्या पुढं तिकीट लागत नाही, पण गुडघ्यांना तर लागतंच ना काही. म्हणून आम्ही सोबत जातो. सोबत चार माणसं दिसली की तारीख जरा लवकर मिळते, हा माझा अनुभव आहे. म्हणूनच संघ हवेत. फेस्कॉम ही राज्यातल्या संघांची संघटना 1980 पासून आहे, तिच्यामागं गावोगावची माणसं उभी राहिली तर हेच काम मंत्रालयापर्यंत नेता येतं.

एका सुनावणीत साहेबांनी एका आजींना विचारलं, "महिन्याला किती पैसे हवेत?" मुलगा शेजारीच उभा. आजी म्हणाल्या, "पैसे नकोत साहेब. सकाळचा माझा चहा मला करू दे. गॅसचं लायटर लपवून ठेवतात." साहेब लिहायचे थांबले. मुलाचीही मान खाली गेली. समेटाच्या कागदावर चहाचं कलम आलं, स्वयंपाकघरात ये-जा करायला अडवणार नाही हे कलम आलं, औषधाचा खर्च आला. असलं काही कायद्याच्या पुस्तकात नसतं, पण समेटात लिहून घेता येतं. लिहून घ्यावं.

पैशांच्या बाबतीत मात्र कायदा मागं राहिलाय. कलम 9 नुसार निर्वाह भत्त्याची, म्हणजे मुलांनी आई-वडिलांना द्यायच्या महिन्याच्या खर्चाची, कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे, ती 2007 पासून तेवढीच. ती काढून टाकणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. खासदार मतं मागायला येतात तेव्हा संघाच्या कट्ट्यावर हा प्रश्न विचारा. नुसती बाकडी आणि शेड मागू नका. स्थानिक पातळीवरही करता येण्यासारखं असतं. लातूर जिल्हा परिषदेनं 2020 मध्ये आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के रक्कम कापून पालकांच्या खात्यात जमा करायला सुरुवात केली होती. ठराव करायची तयारी असली की एवढं होतं.

एक गोष्ट मात्र आमचा संघ करत नाही. नवरा-बायकोचं बिनसलंय आणि सुनेला घराबाहेर काढायला हे सासू-सासरे पुढं केले आहेत, असा वास आला तर आम्ही अर्ज लिहून देत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही 2020 मध्ये एस. वनिता प्रकरणात सांगितलंय की सुनेचा राहत्या घरातला हक्क या कायद्याच्या आडून डावलता येणार नाही. एका बाईचं छप्पर काढून दुसरीचं छप्पर वाचवायचं, यासाठी आम्ही गुरुवारी बसत नाही.

येताना सातबारा किंवा घराचा उतारा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा), असेल तो दस्त आणि आधार कार्ड आणा. गुरुवारपर्यंत थांबवत नसेल तर 14567 हा एल्डरलाइनचा क्रमांक सकाळी 8 ते रात्री 8 चालू असतो, फोन फुकट आहे. आणि सही होऊन गेली असेल तरीही या. कागद मुलाकडं आहे, तो दाखवत नाही, म्हणून घरी बसून राहू नका. दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची नक्कल मिळते. दस्त क्रमांक ठाऊक नसला तरी नाव, गाव आणि अंदाजे वर्ष सांगितलं की शोध घेता येतो. तो अर्ज कसा भरायचा ते मी दाखवते.