तवा की हातोडी

रविवारी सकाळी सात वाजता आमच्या गोरेगावच्या सोसायटीतली पाच पोरं टेनिस कोर्टावर हजर असतात. मी काही कोच नाही. कॉलेजात खेळायचे, एवढ्याच भांडवलावर ‘मावशी, सर्व्हिस शिकव ना’ हा हट्ट अंगावर घेतला आणि पहिल्याच दिवशी अडले. शिकवायची कुठली?

रॅकेट हातात दिली की मूल ती तव्यासारखी धरतं. चेंडू उडवला, थापटला, गेला पलीकडे. पोर खूश, गॅलरीतली आई त्याहून खूश. दुसरी पकड हातोडीची, म्हणजे कॉन्टिनेंटल ग्रिप. यात रॅकेटची कडच चेंडूकडे धावते आणि ऐन वेळी कोपरापुढचा हात बाहेर वळला तरच रॅकेटची जाळी चेंडूवर नीट बसते. नाही वळला, की चेंडू डावीकडे वॉचमनच्या केबिनवर.

मी स्वतः तव्यावरच शिकले. म्हणून माझी सेकंड सर्व्हिस, म्हणजे पहिली चुकल्यावर मिळणारी दुसरी संधी, ही आजही विनवणीच असते. चेंडू नेटवरून जाऊन खाली वळायला फिरकी लागते, ती तव्याने धड देता येत नाही, आणि फिरकीशिवाय मारायचं तर गणितच आडवं येतं. सर्व्हिस मारायची ती मागची रेषा म्हणजे बेसलाइन; तिथून नेट 39 फूट. चेंडू पडायला हवा तो सर्व्हिस बॉक्स नेटपलीकडे आणखी 21 फुटांवर, सर्व्हिस लाइनशी संपतो. मधोमध नेट 3 फूट उंच. सरळ रेषेत मारायचं तर चेंडू साडेआठ फुटांवर गाठायला हवा. आमच्या चौथीतल्या गड्याचा हात रॅकेटसकट जेमतेम सातावर पोचतो.

तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, “मग खालून मारू दे की! मायकल चँगने 1989 साली पॅरिसला, फ्रेंच ओपनमध्ये, इव्हान लेंडलला मारलीच होती.” नियमात बसतं, खरंय. पण चँगला वरूनही येत होती, हे आजोबांना कोण सांगणार?

शेवटी हातोडीच ठरवली, पण अर्धी. रॅकेट आधीच पाठ खाजवल्यासारखी मागे, आणि उभं राहायचं सर्व्हिस लाइनवर. चेंडू फेकायचा नाही, वरच्या फळीवर भरलेला पेला ठेवावा तसा बोटांनी सोडायचा. बाउंड्रीवरून थ्रो करणाऱ्या पोरांना हे पटकन जमलं. एका मुलीने आयुष्यात काही फेकलंच नव्हतं. तिला दोन रविवार नुसते जुने चेंडू भिंतीवर फेकायला लावले.

मंगळवारी ऑफिसातून येताना बघते तर तीच, मैत्रिणींसमोर तव्याने सटासट मारतेय. मला पाहिलं आणि गुपचूप मूठ फिरवली. पुढचा चेंडू केबिनवर.