मोठा भाऊ पतंगामागे का धावला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसं दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. बडोद्यात, दांडिया बाजारात माझ्याकडे दहावीची मुलं हिंदी शिकायला येतात. ‘स्पर्श’ या त्यांच्या पाठ्यपुस्तकातली प्रेमचंदांची ‘बड़े भाई साहब’ ही कथा आली की प्रश्न ठरलेला: “सर, एवढं लेक्चर देणारा भाऊ शेवटी पतंगामागे का धावतो? पतंग कशाचं प्रतीक लिहायचं?”

गाइडात उत्तर आहे: पतंग म्हणजे दबलेलं बालपण. लिहा, मार्क मिळतील. पण गाइड लिहिणारा उत्तराणला, म्हणजे आमच्या इथल्या पतंगांच्या संक्रांतीला, कधी गच्चीवर चढला नसावा.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन भाऊ होस्टेलवर राहतात. धाकटा ९ वर्षांचा, तोच गोष्ट सांगतो, थोरला १४चा. वयात पाचाचं अंतर, इयत्तेत तीनाचं. धाकटा मैदानावर उंडारतो आणि पहिल्या नंबरानं पास होतो. थोरला सदा पुस्तक उघडून बसलेला (मधूनमधून समासात कुत्री-मांजरं काढत) आणि नापास. तीनाचे दोन होतात, दोनाचा एक. पाच मात्र पाचच राहतात.

संघर्ष म्हटला की मुलांना मारामारी हवी असते. तसं हवं तर बडोद्याबाहेर जायला नको. इथले राजे खंडेराव महाराज गायकवाड यांनी धाकट्या भावाला, मल्हाररावांना, कैदेत टाकलं होतं. १८७०मध्ये खंडेराव गेले आणि कैदेतला भाऊ गादीवर आला. प्रेमचंदांच्या गोष्टीत असलं काही नाही. धाकट्याला भावाची भीती वाटते आणि नापास झाला की त्याची दयाही येते. भांडण आहे ते त्या दोन आकड्यांचं. इंग्लंडचे आठ-आठ हेन्री, भूमितीतलं अ-ब-ज आणि अ-ज-ब, वक्तशीरपणावरचा चार पानी निबंध, या सगळ्यावर थोरला जे तोंडसुख घेतो ते पाचाची लाज राखायला. त्याचा सगळ्यात चांगला दाखला हेडमास्तरांचा. एवढे शिकलेले, पण घरखर्च त्यांना जमेना. म्हाताऱ्या आईनं हातात घेतला तेव्हा घर रुळावर आलं. हसू येतं, पण खोटं नाही.

आता शेवट बघा. कापलेल्या पतंगामागे पळणाऱ्या धाकट्याला बाजारातून परतणारा थोरला धरतो आणि भर रस्त्यात झापतो. धाकट्याची मान खाली. तेवढ्यात डोक्यावरून एक कापलेला पतंग जातो, दोरी लोंबतेय, मागे पोरांचा घोळका. थोरला उंच. उडी मारून दोरी धरतो आणि होस्टेलकडे सुसाट सुटतो.

माझं बोट त्या उंचीवर आहे. प्रेमचंद ती जाता जाता सांगून जातात, म्हणून मुलांची नजर तिच्यावरून घसरते. आतापर्यंत त्याचं मोठेपण नुसतं तोंडाचं होतं. इथे ते पहिल्यांदा हाताला येतं. शिवाय कापलेल्या पतंगाला मालक नसतो, त्याला परीक्षाही नसते. ज्याचा हात पोचला त्याचा. त्या घोळक्यात दुसऱ्या कुणाचा पोचला नाही. मग हा लहान झाला म्हणायचं की मोठा? मला विचाराल तर दोन्ही, पण गाइडला अर्धंच दिसलं.

हे मला वर्गात नाही कळलं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. दहावीला दोनदा नापास झाला, आमच्यातल्या इयत्ता चारावरून दोनावर आल्या. घरात ‘निकाल’ हा शब्द कोणी काढत नसे. त्या वर्षी उत्तराणच्या आदल्या रात्री तो नेहमीसारखा किन्ने बांधत बसला. (पुण्याची वहिनी त्यांना कण्णी म्हणते.) उभी काडी डोक्यावर घासून वाकवायची, भोकं पाडायची, खालची दोरी वरच्यापेक्षा जराशी जास्त ठेवून गाठ मारायची. मी नुसता दोऱ्याचे तुकडे कापून देत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझे सगळे पतंग कापले गेले. शेजारच्या गच्चीवर “काप्यो छे!” आणि थाळ्या. मी रडकुंडीला आलेला. एक कापलेला पतंग पाण्याच्या टाकीवरून सरकत गेला. मी उड्या मारत राहिलो. दादानं नुसता हात वर केला, दोरी धरली आणि माझ्या हातात दिली. “धर. ढील दे. रडतोस काय?”

परवा एका मुलीनं नवाच प्रश्न काढला: “सर, होस्टेलवर गेल्यावर तो पतंग उडवला कोणी?” गोष्टीत ते नाही. मी म्हटलं, तू लिहून आण.

१३ तारखेला रात्री दादाचा फोन होता. साठी कधीच उलटलीय त्याची. “किन्ने बांधून ठेवलेत. तू बांधायला बसू नकोस, तुझ्या गाठी सुटतात.” पुढे दहा मिनिटं गाठीवर लेक्चर. मी हो हो म्हणत होतो.