तुम्ही विचारलंत म्हणून: कल्ट होता का तो?

परवा एका साखरपुड्यात पुन्हा तेच झालं. पाटवडीचा रस्सा ताटात पडतो न पडतो तोच शेजारच्या बाई माझ्याकडे वळल्या. "तुमचं ते मंडळ, कल्टच होतं म्हणे? मग आपण शेगावला जातो ते काऊन वेगळं? अन् तुम्ही तर बँकेतल्या, शिकल्या-सवरलेल्या, तुम्ही कशा फसल्या?" एका दमात तीन प्रश्न. मी म्हटलं, रस्सा छान झालाय.

नेहमी असंच काहीबाही बोलून सुटते. आता एकदा लिहूनच टाकते.

आधी तिसरा प्रश्न, कारण तोच सगळ्यात झोंबतो. 'फसल्या' हा शब्द मला मंजूर नाही. सत्तावीस वर्षं बँकेत काढली. खोटी सही मला काउंटरपलीकडून दिसायची. एफडी मोडायला आलेल्या म्हाताऱ्यामागे उभा असलेला जावई कशासाठी उभा आहे, ते त्याच्या चपलांवरून कळायचं. 2006 मध्ये मी मंडळात गेले ती डोळे उघडे ठेवूनच गेले. नवरा गेल्यावर घर खायला उठायचं. तिथे दर गुरुवारी चाळीसेक माणसं असायची, मुगाची खिचडी असायची आणि कुणीतरी "ताई, तुम्ही बसा, मी वाढते" म्हणायचं. पहिली दोन वर्षं त्या लोकांनी मला सांभाळलं. हे मी आजही म्हणते, आणि मंडळ सोडलेले बाकीचे लोक त्यावरून माझ्यावर चिडतात. चिडोत.

आता शब्दाचं. कल्टला मराठीत धड शब्दच नाही. पंथ म्हणावं तर वारकरी पंथ, नाथ पंथ समोर उभे राहतात आणि आपलीच जीभ अडखळते. संप्रदाय त्याहून सोज्वळ. बुवाबाजी म्हटलं की लिंबू, अंगारा आणि पैसे उकळणारा बुवा; त्याच्यासाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. आमचे काका, म्हणजे मंडळाचे प्रमुख, त्या कायद्याच्या एकाही कलमात बसले नसते. अंगारा नाही, चमत्कार नाही, अंगात येणं नाही. निवृत्त अधिकारी, पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन. दक्षिणेचं पाकीट दिलं तर परत करायचे. आणि अनुग्रह, सेवा, साधना हे तिथले सगळे शब्द माझ्या आजीच्या तोंडचे. ओळखीच्या शब्दांनी भरलेल्या घरात माणूस चोरखोली शोधत फिरत नाही.

माझा भाचा हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो. त्याला एकदा विचारलं, कायद्यात काही व्याख्या आहे का रे? तो म्हणाला, घटनेच्या 26 व्या कलमात धार्मिक संप्रदायाला हक्क दिलेत आणि कोर्टांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्यात: समान श्रद्धा, समान संघटना, वेगळं नाव. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कसोटीवर आनंदमार्ग या आध्यात्मिक संघटनेला संप्रदाय मानलं, स्वतंत्र धर्म मात्र मानलं नाही. मी मनातल्या मनात आमच्या मंडळाला ती कसोटी लावून पाहिली. तिन्ही विषयांत पास, तेही डिस्टिंक्शनमध्ये.

म्हणजे उत्तर तिथे नाही. मग कुठे आहे? मी तरी पिठाच्या डब्यापाशी येऊन थांबते.

दर मे महिन्यात काटोल रोडवरच्या एका शेतात आमचा मौन-सप्ताह व्हायचा. नागपूरचा मे, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत वाळ्याचे चार कूलर आणि तीस माणसं. पहिल्या दिवशी सगळ्यांचे फोन जमा करायचे. ते काम माझ्याकडे होतं, कारण मी बँकेतली आणि काका म्हणायचे, "चाव्या ताईंकडेच शोभतात." मला याचा किती अभिमान होता म्हणून सांगू! फोन ठेवायला मी घरचा पिठाचा मोठा स्टीलचा डबा न्यायचे, कडी-कोयंड्याचा, त्याला कुलूप लागायचं. आतले फोन व्हायब्रेटवर, कारण कुणाला ते बंद करायला सांगितलं की लोकांना धास्ती वाटायची. शेताचा पत्ता घरी द्यायचा नाही हा नियम होता. नियम कुणी केला ते आठवत नाही. बहुधा मीच.

2014 च्या सप्ताहात चौथ्या दिवशी दुपारी डबा वाजायला लागला. स्टीलच्या तळाशी फोन थरथरला की कसा आवाज होतो, एकदा ऐकून बघा. भिंतीत भुंगा अडकावा तसा. थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. मी कुलूप काढलं. आमच्यातली एक साकोलीकडची मुलगी होती, तिशीची असेल, तिचा फोन. पडद्यावर 'दादा'. अकरा मिस्ड कॉल. आणि खाली मेसेजची पहिली ओळ दिसत होती, फोन लॉक असला तरी दिसते ती: आईला आयसीयूत हलवलं, लवकर ये.

मी काकांच्या खोलीत गेले. ते आमरस खात होते. वाटी बाजूला ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तुम्हाला वाटेल की त्यांनी सांगितलं, तिला कळू देऊ नका. नाही. त्यांनी असं काही म्हटलंच नाही. ते म्हणाले, "ताई, तुमची साधना काय सांगते?"

आठ वर्षं मी त्या माणसाचा चेहरा वाचत आले होते. त्याला कुठलं उत्तर आवडेल ते मला पाठ होतं. मी म्हटलं, "सप्ताह पूर्ण होऊ द्यावा. मौन मोडलं तर तिची चार दिवसांची बैठक वाया जाईल." ते हसले. किंचित मान हलवली. म्हणाले, "तुम्ही आता तयार झालात." मला, खरं सांगते, आनंद झाला. अंगावर काटा आला. बँकेत प्रमोशन मिळालं तेव्हाही इतका झाला नव्हता.

परत आले तर डबा वाजतच होता. बैठकीच्या हॉलला लागूनच ती खोली. ध्यानात बसलेल्यांना त्रास नको म्हणून मी एक गोधडी चौघडी करून डब्याखाली घातली. दुसरी वरून गुंडाळली. मग आवाज जवळजवळ बंद झाला. कूलरच्या घरघरीत तर अजिबात कळेना.

पाचव्या रात्री तिची आई गेली. तिला कळलं ते सातव्या दिवशी, समारोपाच्या आरतीनंतर मी कुलूप काढलं तेव्हा. ती ओरडली नाही, रडलीही नाही. बराच वेळ स्क्रीन बघत राहिली. मग मला म्हणाली, "ताई, आवाज येत होता का हो?"

मी म्हटलं, "नाही गं."

बाकी सगळ्याचा मी कधीमधी बचाव करते. या दोन शब्दांचा करता येत नाही.

आता कुणी म्हणेल, त्या क्षणी तुमचे डोळे उघडले असतील. नाही उघडले. त्यानंतर दोन वर्षं मी तिथेच होते. सोडलं ते एका फडतूस कारणावरून. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तीन गुरुवार चुकले, हजेरीच्या वहीत लाल फुल्या पडल्या, आणि सगळ्यांसमोर क्षमापत्र वाचायला सांगितलं. मला वाटलं, मला? चाव्या सांभाळणारीला? अपमान झाला म्हणून उठून आले. दुसऱ्याची आई गेली तेव्हा बसून राहिले आणि माझी रजा कापली तेव्हा उठले. तेव्हाच्या मला आजची मी जाब विचारते तर ती शांतपणे म्हणते, तू तरी काय वेगळं केलं असतंस? मला तिला गप्प करता येत नाही.

तर फरक. बँकेत स्ट्राँगरूमला दोन चाव्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे. एकट्या मॅनेजरला ती उघडता येत नाही, एकट्या कॅशियरलाही नाही. जॉइंट कस्टडी म्हणतात. रोज सकाळी ते करणाऱ्या बाईला काटोल रोडवर सात दिवस एकाच चावीने कारभार करताना काही खटकू नये, याचं मला आज नवल वाटतं. धर्मात मला दुसरी चावी दिसते. महाराज बरळले तर 'पोथीत असं कुठे आहे' म्हणणारी आजी असते. एका मठाचं पटलं नाही तर दुसरा मठ असतो. काकांच्या वर कोण होतं? काकांचे गुरू हिमालयात, आणि ते फक्त काकांशीच बोलत.

ही चावीची गोष्ट मी बँकेतल्या जुन्या सहकाऱ्याला सांगितली. तो बौद्ध, दर दशहऱ्याला दीक्षाभूमीवर जाणारा. मी आगाऊपणे त्यालाच विचारलं, "मग 14 ऑक्टोबर 1956 ला काय झालं? एक नेता, एक दिवस, लाखो लोक, बावीस प्रतिज्ञा. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटलं असेल?" मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "मॅडम, बाबासाहेबांनी आधी स्वतः दीक्षा घेतली. महास्थवीर चंद्रमणींच्या हातून. मग आम्हाला दिली. तुमची दुसरी चावी तिथंच आहे. अन् त्यानंतर त्रेपन्न दिवसांनी ते गेले. तरी आम्ही आहोतच ना?" मग जरा थांबून म्हणाला, "आणि मी बावीसपैकी किती पाळतो ते कुणी तपासायला येत नाही. यायला पाहिजे खरं तर."

ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. माझी आई मंगळवारी टेकडी गणपतीला जाते ते निम्मं येताना बर्डीवर खरेदी होते म्हणून. वारीत कुणी एका मुक्कामापुरतं चालतं, पिठलं-भाकरी खाऊन एसटीने परततं, आणि त्यालाही माऊलीच म्हणतात. धर्मात कामचुकारांना जागा असते, भरपूर. आमच्या मंडळात अर्धवट भक्ताला जागा नव्हती, वही होती.

हे म्हणून मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण मग महानुभाव आठवतात. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचे लोक, आपल्या विदर्भातल्या रिद्धपूरला ज्यांचं मोठं ठाणं. आचार कडक, संन्याशांचे नियम कडक, आणि पुढे ग्रंथसुद्धा सांकेतिक लिपीत, बाहेरच्याला वाचता येऊ नये म्हणून. माझी कसोटी लावली तर सरळ नापास. लोकांनी तेव्हा नापास केलंच होतं; 'मानभावी' हा शब्द आपण आजही ढोंगी माणसाला वापरतो, तो त्यांच्याच नावावरून. आणि मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ दिला तोही त्यांनीच. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे. नागपूरचे सूफी संत ताजुद्दीन बाबा, त्यांचं घ्या. इंग्रज सरकारने त्यांना नागपूरच्या पागलखान्यात ठेवलं, लोक तिथेही दर्शनाला जात राहिले, शेवटी रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना सोडवून आपल्या वाड्यावर आणलं. 1925 मध्ये ते गेले. ताजबागेतल्या उरुसाला आमच्या गल्लीतले अर्धे हिंदू असतात. तेव्हा मी त्या पागलखान्यात कारकून असते तर रजिस्टरमध्ये काय लिहिलं असतं?

आणि सोडून जाता येतं की नाही ही कसोटी तर मला सांगूच नका. सगळे तीच सांगतात. धर्मातून, जातीतून सहज उठून जाता येत असतं तर महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा कशाला करावा लागला असता? मला मंडळ सोडताना कुणी अडवलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून चाळीस माणसांनी फोन उचलणं बंद केलं. माझ्या मावसबहिणीने जातीबाहेर लग्न केलं तेव्हा घरच्यांनी तरी दुसरं काय केलं होतं?

तेव्हा शेजारच्या बाई, शेगाव वेगळं का, याचं उत्तर माझ्याकडे पक्कं नाही. तिथे रांगेत माझी हजेरी कुणी घेत नाही आणि माझा फोन माझ्या पर्समध्ये असतो, एवढं सांगू शकते.

ती साकोलीची मुलगी अजून मंडळातच आहे. गेल्या महिन्यात गोकुळपेठेच्या बाजारात दिसली, वांगी निवडत होती. मला बघितलं आणि पिशवी उचलून पलीकडच्या गाड्यावर गेली. सोडून गेलेल्यांशी बोलायचं नाही, हा नियम तिला माहीत आहे. तो वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच असायचं. तिला विचारलंत तर ती सांगेल, हा माझा धर्म आहे. मी तिच्या मागे दोन गाडे गेले. मग भाव करणाऱ्या बायकांच्या गर्दीत थांबले आणि काही न घेता घरी आले.

डबा अजून ओट्याखाली आहे. त्यात आता तांदूळ असतात. येत होता गं आवाज.